सोन्याची मांजर आणि औषधाचा खर्च : मुक्या जिवांसाठी उभ्या राहिलेल्या पैशाचा इतिहास

मांजर मारली तर तिच्या वजनाची सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, ही समजूत महाराष्ट्रातील बहुतेक घरांत एके काळी ऐकू येत असे. आजही वयस्क माणसे ती अर्धवट थट्टेने, अर्धवट धाकाने लहान मुलांना सांगतात. या समजुतीकडे आम्ही एक सांस्कृतिक दस्तऐवज म्हणून पाहतो. तिच्यात मांजरीचे मोल सोन्यात सांगितले आहे, पण ते मोल ती मेल्यानंतरचे आहे. शिवाय ते सोने मांजरीच्या जातकुळीपर्यंत पोहोचत नाही. ते दान घेणाऱ्याच्या घरी जाते. जिवंत, आजारी, पाय मोडलेल्या मांजरीसाठी कोणी किती खर्च करावा याविषयी ही समजूत मौन पाळते. धर्मशास्त्राचा सूरही फारसा वेगळा नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा यांच्या हत्येला शूद्रहत्येचे प्रायश्चित्त सांगितले आहे. या एका विधानात दोन अवमूल्यने एकमेकांना खेटून उभी आहेत, आणि शूद्राचे मोल मांजरीच्या पंक्तीला बसवणाऱ्या त्या मापाविषयी आज वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. आपल्या विषयापुरते एवढेच नोंदवू की येथेही हिशोब आहे तो मारणाऱ्याच्या पापाचा. जगू पाहणाऱ्या जिवाच्या उपचाराचा नाही.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न साधा आहे. ज्या प्राण्याचा कोणी धनी नाही, त्याच्या औषधपाण्याचा पैसा आपल्या समाजात कोणी, कसा आणि कोणत्या कारणाने उभा केला? आणि या इतिहासात मांजर नेमकी कोठे आहे? दुसरा प्रश्न पहिल्याची कसोटी म्हणून विचारला आहे. गाय पवित्र आहे, बैल कमावता आहे, घोडा पराक्रमाचा सोबती आहे, कुत्रा इमानी आहे. मांजर यांपैकी काहीच नाही. म्हणून एखाद्या समाजाची भूतदया श्रद्धा आणि उपयोग यांच्या पलीकडे कितपत जाते, हे मांजरीवरून ताडता येते.

परंपरेतील रिकामी जागा

मराठी संतपरंपरेने प्राण्यांविषयीच्या ज्या आख्यायिका जपल्या, त्या आठवून पाहाव्यात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, रामेश्वराला नेण्यासाठी आणलेले गंगाजल तहानेल्या गाढवाच्या मुखी घालणारे एकनाथ, पैठणला रेड्यामुखी वेद वदवणारे ज्ञानेश्वर. कुत्रा, गाढव आणि रेडा हे तिन्ही उपेक्षित प्राणी. त्यांच्या निवडीतच त्या कथांचे सामर्थ्य आहे. मात्र या परिचित मालिकेत मांजर येत नाही. सणांचेही तसेच. बैलाला पोळा आहे, गाय-वासराला वसुबारस आहे, नागालाही पंचमी आहे. कुत्र्याला खंडोबाचे आणि दत्ताचे सान्निध्य लाभले आहे. मांजरीच्या वाट्याला आल्या त्या म्हणी : डोळे मिटून दूध पिणारी, आडवी जाणारी, शंभर उंदीर खाऊन हजला निघालेली. वर्गात प्राणिकथा शिकवताना मांजर बहुधा ढोंगाचे प्रतीक म्हणूनच भेटते, हा आमच्यापैकी अनेकांचा अनुभव असेल.

वैद्यकाचा इतिहासही उपयोगाच्या वाटेनेच गेला. शालिहोत्राच्या नावाने अश्ववैद्यकाची परंपरा चालली, पालकाप्याच्या नावाने हस्त्यायुर्वेद सांगितला गेला. ज्यांच्या पाठीवर सैन्य आणि राज्य चालत होते, त्या जनावरांसाठी शास्त्र निर्माण झाले आणि राजकोशातून खर्चही झाला. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात, जो गिरनारच्या खडकावरही कोरलेला आहे, माणसांच्या आणि पशूंच्या अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचा आणि औषधी वनस्पती लावविल्याचा उल्लेख येतो. त्यातील ‘पशू’ या व्यापक शब्दात मांजर बसते की नाही, हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

मांजरीचा स्पष्ट उल्लेख सापडतो तो एका परक्या प्रवाशाच्या लेखणीतून. राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी १५८३ ते १५९१ या काळात हिंदुस्थानात व आसपासच्या प्रदेशांत हिंडला. गुजरातेतील खंबायतचे वर्णन करताना, लंगड्या कुत्र्यामांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी तेथे इस्पितळे आहेत, असे त्याने लिहून ठेवले. पुढे १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशानेही खंबायतची पक्ष्यांची आणि शेळ्यामेंढ्यांची इस्पितळे पाहिली. या दोघांना ती एक नवलाची गोष्ट वाटली. वास्तविक त्यांमागे जैन आणि वैष्णव व्यापारी महाजनांची शिस्तबद्ध अर्थव्यवस्था होती. तीच व्यवस्था एकोणिसाव्या शतकात मुंबईत आली आणि पांजरपोळ या नावाने स्थिरावली.

दंगलीतून देणगी : मुंबई, १८३२–३४

भटक्या कुत्र्यांना उन्हाळ्याच्या ठरावीक काळात मारण्याची मुभा मुंबईच्या सरकारी नियमाने दिली होती. १८३२ मध्ये ही मोहीम अधिक कडक झाली आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने मारेकऱ्यांचा उत्साह वाढला. दारातील, पाळलेली कुत्रीही सुटेनात. पारशी धर्मात कुत्र्याला विशेष स्थान आहे; मृताच्या अंत्यविधीतही त्याची दृष्टी पवित्र मानली जाते. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, फोर्ट भागात जमाव उसळला आणि कुत्री मारणाऱ्या शिपायांवर चालून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, लष्कराच्या रसदेतही अडथळा आला, आणि पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इतर व्यापारीही या बंदात उतरले. इतिहासकार या घटनेला मुंबईतील कुत्र्यांची दंगल म्हणतात. मुंबई शहरातील पहिल्या मोठ्या दंगलींपैकी एक कुत्र्यांच्या जिवावरून झाली, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

त्यानंतर जे घडले ते आमच्या दृष्टीने दंगलीहून महत्त्वाचे आहे. संतापाचे रूपांतर संस्थेत झाले. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळ स्थापन झाली. जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळायला तेव्हा आठ वर्षे अवकाश होता. भुलेश्वरातील पांजरपोळ आणि पुढे चेंबूरला झालेला तिचा विस्तार मुंबईकरांना ठाऊक आहे. चेंबूरला तर हे नाव एका नाक्याचे होऊन बसले आहे, आणि बसमधून तेथे उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यामागची दंगल माहीत असते.

पांजरपोळीचा पैसा आला कोठून? श्रीमंतांच्या देणग्या होत्याच. पण तिचा कणा होता ‘लागा’. कापसासारख्या मालाच्या व्यवहारावर व्यापाऱ्यांनी आपण होऊन एक अल्पशी पट्टी बसवून घेतली होती. गाठोडे हलले की काही अंश मुक्या जिवांच्या खात्यात जमा. अहमदाबाद आणि सुरतच्या महाजनांनी ही रीत मुरवलेली होती. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ डेरिक लॉड्रिक यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पांजरपोळी आणि गोशाळा यांच्या या अर्थकारणाची सविस्तर मांडणी केली आहे. लाग्याचे तीन विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. एक, तो दात्याच्या मनःस्थितीवर अवलंबून नव्हता. एखाद्या दिवशी करुणा दाटली नाही तरी गाठोडे हलतच होते. दोन, तो सामूहिक होता, त्यामुळे कोणा एकाचे नाव मोठे होत नसे आणि कोणा एकावर भारही पडत नसे. तीन, तो कोणत्याही एका जनावराची कथा सांगून मागितला जात नव्हता. लंगडा बैल आला काय किंवा आंधळे कुत्रे आले काय, खाते एकच होते.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जमशेटजींची संपत्ती चीनशी चालणाऱ्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून उभी राहिली होती. माणसांना व्यसनाच्या खाईत लोटणाऱ्या मालाच्या नफ्यातून जनावरांचा चारा विकत घेतला गेला, हा विरोधाभास त्या काळच्या मुंबईच्या सगळ्याच दानधर्माला व्यापून आहे. शिवाय पांजरपोळ हे आश्रयस्थान होते. रुग्णालय या शब्दाला आज जो अर्थ आहे तो तिला लागू नव्हता. जीव घ्यायचा नाही, एवढे व्रत ती पाळी. वेदना कमी करणे हे वेगळे काम होते आणि त्यासाठी वेगळ्या ज्ञानाची गरज होती.

रुग्णालयाचे युग

ते ज्ञान आणि त्याबरोबर दयेची एक नवी परिभाषा इंग्लंडमधून आली. ब्रिटिश संसदेने १८२२ मध्ये जनावरांच्या छळाविरुद्ध कायदा केला, १८२४ मध्ये लंडनला प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था निघाली. १८६१ मध्ये कलकत्त्यात आणि १८७४ मध्ये मुंबईत तशाच संस्था स्थापन झाल्या. या संस्थांची दृष्टी आरंभी रस्त्यावर राबणाऱ्या बैलांवर आणि घोड्यांवर खिळलेली होती. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी परळ येथे जागा देऊन पत्नी साकरबाई यांच्या नावे जनावरांचे रुग्णालय उभारण्यास साहाय्य केले. ‘बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय’ १८८३-८४ च्या सुमारास आकाराला आले. त्याला लागूनच १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य झाले. दान आणि विज्ञान यांची गाठ येथे पडली. पांजरपोळ जिवाला ठेवून घेत असे. परळचे रुग्णालय त्याला बरे करून परत पाठवू पाहत होते.

पैसा उभा करण्याची पद्धतही बदलली. लाग्याच्या जागी एका दात्याची मोठी देणगी आणि तिच्याभोवती सभासदांची वर्गणी आली. दात्याचे नाव दगडात कोरले गेले. या बदलात लाभ होता, कारण इमारत, शल्यक्रिया आणि अध्यापन यांना लागणारी रक्कम एकदम उभी राहिली. हानीही होती. दया ही व्यापाराच्या नित्यक्रमातून बाहेर पडून प्रतिष्ठेच्या प्रांतात गेली.

याच १८८३ साली लंडनमध्ये एक छोटी पण आपल्या विषयाशी निगडित घटना घडली. मेरी टील्बी या स्त्रीने १८६० मध्ये हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी निवारा काढला, तेव्हा प्रतिष्ठित वृत्तपत्रांनी तिची टर उडवली होती. पुढे बॅटरसी या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या निवाऱ्याने १८८३ पासून मांजरी घ्यायला सुरुवात केली. केवळ मांजरींसाठी काम करणारी ‘कॅट्स प्रोटेक्शन लीग’ इंग्लंडमध्ये निघायला मात्र १९२७ साल उजाडावे लागले. म्हणजे प्राणिदयेच्या आधुनिक चळवळीतही क्रम तोच राहिला : आधी ओझ्याची जनावरे, मग कुत्रा, आणि अखेरीस मांजर.

प्लेग आणि मांजरीची किंमत

महाराष्ट्रात मांजरीचा भाव एकदाच अचानक वधारला, आणि तो मृत्यूच्या छायेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. पुढच्या वर्षी पुण्यातील घरझडत्या आणि २२ जून १८९७ चा रँडवधाचा प्रसंग मराठी वाचकाला सांगायला नको. त्या साथीवरचे मराठी लेखन बहुतांशी राजकीय अत्याचार आणि प्रतिकार यांभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु साथीचा वाहक उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू आहे हे ज्ञान १८९८ मधील पॉल-लुई सिमों यांच्या प्रयोगांनंतर हळूहळू मान्य होत गेले, तसा आपल्या स्वयंपाकघरातील एक जुना रहिवासी वैद्यकीय चर्चेत आला.

वऱ्हाडात अमरावतीला सिव्हिल सर्जन असलेले लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी खेड्यापाड्यांतील मांजरींची मोजदाद करविली. जेथे घरांच्या मानाने मांजरी पुष्कळ, तेथे प्लेग कमी, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि १९०८ च्या सुमारास त्यांनी तो वैद्यकीय नियतकालिकांतून हिरिरीने मांडला. विख्यात जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीही त्याच सुमारास मांजरी पाळण्याच्या उपायाचा पुरस्कार केला आणि जपानात त्याला प्रतिसाद मिळाला. ब्यूकॅनन यांच्या अनुमानाचे वैज्ञानिक वजन किती, हा स्वतंत्र प्रश्न आहे. आज प्लेगनियंत्रणाचा विचार पिसवा, स्वच्छता आणि प्रतिजैविके यांच्या अंगाने केला जातो. शिवाय मांजरीलाही प्लेग होऊ शकतो, हे आता माहीत आहे. सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र ही मोजदाद विलक्षण आहे. जिची आजवर कोणी गणती केली नव्हती, ती मांजर वऱ्हाडातल्या खेड्यांत आकड्यांत आली.

पण आकड्यांत येणे म्हणजे आस्थेत येणे नव्हे. ब्यूकॅनन यांचा सल्ला मांजरी पाळा असा होता. मांजर आजारी पडली तर काय, हा त्या तर्कात उद्भवणारा प्रश्नच नव्हता. साधन निकामी झाले की दुसरे आणावे, एवढेच उपयुक्ततावाद सांगू शकतो. ज्या मांजरीने धान्याचे कोठार राखले, तिच्या जखमेवर खर्च करण्याचे कारण उपयुक्ततेतून निघत नाही. ते कृतज्ञतेतून निघते. कृतज्ञता ही मात्र नुसत्या मोजदादीने उत्पन्न होत नाही.

एक कठोर प्रश्न

१९२६ मध्ये अहमदाबादेत या सगळ्या विषयाला एक तिखट वळण मिळाले. गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या गिरणीच्या आवारात उपद्रव देणारी साठ भटकी कुत्री मारविली आणि त्यांना त्याची टोचणी लागली. ते गांधीजींकडे गेले. गांधीजींनी त्यांची बाजू समजून घेतली. तेव्हा देशभरातून अहिंसावाद्यांचा रोष त्यांच्यावर ओढवला. ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’मधून त्यांनी या वादावर लेखमालाच लिहिली. रस्त्यावरच्या कुत्र्याला तुकडा टाकून पुण्य पदरात पाडून घेणे आणि त्याच्या पुढच्या हालांकडे पाठ फिरवणे ही दया नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. पाळायचे तर पूर्ण जबाबदारीने पाळा, नाहीतर त्यासाठी संस्था चालवा आणि तिला पैसा द्या, हा त्या लेखनाचा गाभा म्हणता येईल.

कुत्री मारण्याचे समर्थन आज आम्हांला मान्य होणार नाही. नसबंदी आणि लसीकरण हे मार्ग तेव्हा व्यवहारात नव्हते. ते आता आहेत. तरीही त्यांच्या प्रश्नाची धार बोथट झालेली नाही. तुकडा टाकणे स्वस्त असते, उपचार महाग असतो. आपली सार्वजनिक भूतदया बहुतांशी तुकड्यापाशी थांबते.

शासन, गाव आणि मांजर

स्वातंत्र्यानंतर हा भार काही अंशी शासनाने उचलला. १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा, त्याखाली १९६२ मध्ये स्थापन झालेले आणि आरंभी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या अध्यक्षतेखालचे जीवजंतु कल्याण मंडळ, आणि गावोगावचे पशुवैद्यकीय दवाखाने ही त्याची रूपे. मात्र दवाखान्याची कल्पनाच पशुधन या शब्दाभोवती बांधलेली आहे. ‘धन’ या उत्तरपदानेच कोण आत आणि कोण बाहेर हे ठरते.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक घ्या. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव साऱ्या महाराष्ट्राच्या श्रद्धेचा विषय आहे. शिरूरला कंपनी सरकारच्या काळात घोडदळाची छावणी होती आणि जवळून घोड नदी वाहते. जनावर आणि माणूस यांचे नाते या भागाला नवे नाही. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू करण्यास परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये त्यासंबंधीचा राज्याचा कायदा वैध ठरवला. या सर्व काळात शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात बैल हा चर्चेचा केंद्रबिंदू होता. शर्यतीच्या बैलाच्या खुराकावर आणि औषधावर मालक हात आखडता घेत नाही. संकरित गायीचे दूध संघाला जाते, म्हणून तिच्या आजाराला डॉक्टर घरी येतो. त्याच गोठ्याच्या माळ्यावर व्यालेल्या मांजरीच्या पिलांचे डोळे चिकटले, किंवा कोरेगाव भीमा-शिक्रापूरच्या बाजूने वाहणाऱ्या पुणे-अहिल्यानगर महामार्गावर तिला वाहनाने उडवले, तर तो खर्च कोणत्या खात्यातला? घरातील एखादी आजी हळद लावते, एखादा शाळकरी मुलगा दूध पाजतो. ही माया खरी असते. फक्त तिच्यामागे कोणतेही खाते नसते.

कायद्याची भाषाही याची साक्ष देते. भटक्या प्राण्यांच्या नसबंदीसाठी केंद्र सरकारने २००१ मध्ये जे नियम केले, त्यांच्या शीर्षकातच कंसात ‘कुत्री’ असा शब्द होता. २०२३ च्या नव्या नियमांच्या शीर्षकातून तो कंस गेला. नावापुरती का होईना, दारे थोडी रुंद झाली.

आवाहन : एक नवा वाङ्मयप्रकार

या पोकळीत गेल्या दोन दशकांत एक नवी व्यक्ती उभी राहिली आहे. ती बहुधा शहरात किंवा शहराच्या कडेला राहते, पुष्कळदा स्त्री असते, पगार बेताचा असतो, आणि जखमी मांजरी उचलून दवाखान्यात नेण्याचे काम ती आपल्या खर्चाने सुरू करते. पॅनल्युकोपेनियासारखा संसर्ग झालेल्या पिलाला अनेक दिवस सलाईन, तपासण्या आणि देखरेख लागते. मोडलेल्या हाडाला शस्त्रक्रिया लागते. वाचलेल्या प्रत्येकीची नसबंदी करावी लागते. खर्च हाताबाहेर गेला की ती मोबाइलवरून आवाहन करते. छायाचित्र, मांजरीला दिलेले नाव, अपघाताची हकिगत, दवाखान्याचे बिल, आणि शेवटी खाते क्रमांक.

साहित्याच्या अभ्यासकांनी या आवाहनाकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहायला हवे, असे आम्हांला वाटते. त्याला निश्चित घाट आहे. नायिकेला नाव असते, कारण निनावी जिवासाठी पैसा येत नाही. संकट अचानक येते, वेळ थोडा असतो, आणि वाचकाला कथेत शिरून शेवट बदलण्याची संधी दिलेली असते. करुणरसाची ही रचना पैसा उभा करते, यात शंका नाही. पण तिचे काही परिणामही आहेत. देखण्या पिलाला मिळते ते कान कुरतडलेल्या म्हाताऱ्या बोक्याला मिळत नाही. आवाहन लिहिता न येणारीच्या हातातील मांजर उपचाराविना राहते. महिन्यातले पाचवे आवाहन वाचणाऱ्याचे मन बधिर होते. मागणारीला आपले दुःख दरवेळी अधिक गडद रंगवावे लागते, आणि एखाद्या वेळी मांजर दगावली तर पैसे कुठे गेले असे प्रश्नही ऐकावे लागतात. लाग्याने जे तीन गुण दिले होते, म्हणजे सातत्य, सामूहिकता आणि कथानिरपेक्षता, ते तिन्ही येथे हरवले आहेत. दात्याला दरवेळी हेलावून सोडल्याशिवाय येथे पैसा येत नाही.

हिशोबाच्या बाजूने मात्र जुना महाराष्ट्र आणि नवा महाराष्ट्र यांत दुवा आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने धर्मादाय पैशावर देखरेख आणली. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी ज्या कलमाखाली तात्पुरती परवानगी घेतात, ते ४१-क हे कलम धर्मादाय निधिसंकलनासाठीच आहे. मांजरींसाठी एकट्याने धडपडणाऱ्या व्यक्तीला कायद्याचे हे बळ क्वचितच माहीत असते. नोंदणी, पावती, लेखापरीक्षण हे शब्द रूक्ष वाटतात खरे; पण संशयाच्या प्रश्नांपासून दयेचे रक्षण करण्याचे काम तेच करतात.

दुसऱ्या टोकाला मोठे दान आजही जिवंत आहे. २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा न्यासांचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. सुमारे १६५ कोटी रुपये खर्चाचे हे पाच मजली रुग्णालय रतन टाटा यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षात उभे राहिले. परळपासून महालक्ष्मी फार दूर नाही. पेटिट ते टाटा हे सुमारे १४० वर्षांचे अंतर एका समाजाच्या दानशीलतेने जोडले आहे. नावातील ‘लहान प्राणी’ या शब्दांत आता मांजर निःसंशय आहे. तथापि रुग्णालय बांधणे ही एक गोष्ट, आणि रस्त्यावरच्या मांजरीला तेथवर नेऊन बिल भरणे ही दुसरी. पहिली गोष्ट एक धनिक करू शकतो. दुसरी रोज, अनेकांना करावी लागते.

बागेची गोष्ट

तेराव्या शतकात कैरोवर राज्य करणारा सुलतान बैबर्स याने शहरातल्या बेवारस मांजरींच्या पोषणासाठी एक बाग वक्फ केली होती. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तिची हकिगत दिली आहे. शतके लोटली, बाग हातोहात विकली गेली, तिचे उत्पन्न नगण्य झाले. पण काझीच्या कचेरीच्या आवारात मांजरींना रोज अन्न घालण्याची रीत लेनच्या काळापर्यंत टिकून होती. देणगीची मालमत्ता नष्ट झाली आणि दायित्व उरले, असा हा दुर्मीळ दाखला आहे. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. मालमत्ता उरते आणि दायित्व विसरले जाते.

या इतिहासातून आम्हांला जे उमगते ते असे. मुंबईने लागा निर्माण केला, पण त्यात मांजरीची आठवण ठेवून कोणी पैसा टाकला नव्हता. अमरावतीने मांजरीचे मोल आकड्यांत मांडले, पण त्याला लाग्याची जोड मिळाली नाही. एका ठिकाणी पद्धत होती, दुसऱ्या ठिकाणी कारण होते. ही दोन्ही एकत्र आली नाहीत. आज ती एकत्र आणणे अशक्य नाही. धान्याच्या प्रत्येक अडतीवर, किराणा दुकानात, गोदामात मांजर विनावेतन राबते. अशा पंधरावीस दुकानांनी, एका गृहसंस्थेने किंवा एका महाविद्यालयाने दरमहा ठरावीक, कोणाला जाणवणारही नाही इतकी अल्प रक्कम एका नोंदणीकृत खात्यात टाकायची, आणि जवळच्या पशुवैद्यकाशी त्या खात्याची गाठ घालून द्यायची. मग जखमी मांजर घेऊन दवाखान्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईला आधी गोष्ट रचावी लागणार नाही. तिने मांजर टेबलावर ठेवावी, नोंदवहीत सही करावी आणि कामावर जावे.

काशीच्या सोन्याच्या मांजरीची समजूत आता कोणी पाळत नाही, आणि ते बरेच झाले. तिच्यातली एक गोष्ट तेवढी राखून ठेवण्यासारखी आहे : मांजरीच्या जिवाचा हिशोब माणसाने द्यायचा असतो. तो तिच्या मरणानंतर एकदाच सोन्यात देण्यापेक्षा ती जिवंत असताना, दर महिन्याला, थोड्या रुपयांत दिलेला अधिक चांगला.